मोठी माय जाण्याआधी

आमच्या घरात तीन सुना नांदतात आणि त्या एकमेकींच्या जावा नाहीत. पहिली सून म्हणजे माझ्या सासूबाई. त्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. दुसरी मी, पंचेचाळिशीला आलेली. तिसरी माझ्या मुलाची बायको, नुकतीच लग्न होऊन आलेली. आणि या तिघींच्या वर एकच बाई आहे, माझी आजेसासू. तिला सगळं घर मोठी माय म्हणतं. तिचं नक्की वय कोणालाच माहीत नाही. आधार कार्डावर एक आहे, मतदान कार्डावर दुसरं, आणि ती स्वतः विचाराल तेव्हा तिसरंच सांगते. समोरच्याला जेवढं नवल वाटेल तेवढं वय वाढवते.

मोठी माय असल्यामुळे आमच्याकडे कोणालाच धड सासू होता आलं नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मोठी माय अंगणात आली की त्या अजूनही डोक्यावरचा पदर पुढे ओढतात. त्यांनी ओढला की मी ओढते. मी ओढला की सुनेनं ओढायचा, पण तिच्या अंगावर पंजाबी ड्रेस असतो, म्हणून ती आपले केस कानामागे करते. एकदा पाहुणे आले होते, त्यांना हे पाहून हसू आवरेना.

मला बोलणं जमत नाही. चार माणसं जमली की शब्द घशातच बसून राहतो. घरात काही ठरवायचं असलं की मी चहा ठेवायला आत निघून जाते. त्यामुळे आमच्याकडे मोठ्या गोष्टींवर चहा फार होतो. नंतर, भांडी घासताना, मला सगळं सुचतं. ते लिहिलं की बरं वाटतं. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्याचा हा उपयोग.

आता रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे जुने लोक माळव्यातून इकडे आले म्हणतात, तिकडूनच ती आली असेल. पणतू झाला की पणजीच्या पायाला सोन्याची शिडी लावायची. शिडी म्हणजे काय, बोटाच्या पेराएवढी, सोनार तारेची करून देतो. पणजीला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, बाळ मांडीवर द्यायचं आणि पायाच्या अंगठ्याला ती शिडी टेकवायची. झालं, पणजी शिडी चढली. आता तिला स्वर्गाची वाट मोकळी. आपल्या पोराच्या पोराचं पोर पाहणारं माणूस पूर्वी गावात एखादंच निघायचं, म्हणून त्याचं एवढं कौतुक.

माझा मुलगा झाला तेव्हा मोठी माय शिडी चढली. तेव्हा ती सत्तरीची असेल, आणि त्या काळी सत्तरीची बाई गेल्यात जमा धरायचे. पण ती शिडी चढली आणि वर काही गेली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती माझ्या पुढे वाकून धानाची रोवणी करत होती. गावात लोक म्हणू लागले की शिडी उलटी धरली असेल. शिडीला कुठे उलटं-सुलटं असतं? पण हा वाद आमच्या गावात अजून मिटलेला नाही.

सून आली तेव्हा तिच्या मागे एक गोष्ट आली. लग्नाआधी तिनं नर्सिंगसाठी अर्ज केला होता. लग्नाला सहा महिने होत नाहीत तोच नागपूरला जागा मिळाल्याचा फोन आला. तीन वर्षं शिकायचं, वसतिगृहात राहायचं, आणि दिवाळीनंतर लगेच हजर व्हायचं. नाही गेली तर जागा दुसऱ्याची. तिनं रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगितलं. माझा मुलगा ताटाकडे पाहत राहिला. तो बायकोकडे पाहून हो म्हणतो, आजीकडे पाहूनही हो म्हणतो, म्हणून अशा वेळी तो ताटाकडेच पाहतो.

आत्याबाई म्हणाल्या, "जाजो न बापा, कोण नाई म्हणते? पयले एक पोट्टं होऊ दे. बुढी आज हाय, उद्या नाई. तिच्या डोळ्यांदेखत झालं पायजे."

सून गोंदियाजवळची आहे, तिला लाजणं ठाऊक नाही. ती म्हणाली, "आजी, मोठी माय एवढी जगली. तुम्ही एवढ्या ठणठणीत आहात. मी पण नव्वद वर्षं जगले तर? तिशीत पोर झालं तरी त्याच्यासोबत साठ वर्षं राहीन. मग जल्दी कायची आहे?"

मी चहा ठेवायला आत आले होते. चहा उतू गेला. एवढा सरळ हिशेब मी जन्मात ऐकला नव्हता. आमच्या वेळी सगळं कसं घाईत असायचं. लग्न घाईत, पोर घाईत, जणू काही पुढच्या वर्षी जग बंद होणार आहे. आणि ही पोरगी हातात शंभर वर्षं असल्यासारखी पोळी तोडत होती.

आत्याबाई काही कमी नाहीत. त्या म्हणाल्या, "नव्वद वर्षं जगशील तं पाहील कोण तुले? एकच पोट्टं? ते बी तवा साठीचं असल. साठीचा बुढा नव्वदीच्या बुढीले आंघोळ घालल का?"

माझे मालक सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी घास गिळून म्हणाले, "मंग आपल्या घरी सध्या काय चालू हाय?"

कारण मोठी मायला रोज आंघोळ घालतात त्या आत्याबाईच. आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला उठले. मी आत पदर तोंडात कोंबला.

पण आत्याबाईंचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. मी पण विचार करत असते. गावातल्या लग्नात पूर्वी लहान पोरांची पंगत पहिली बसायची. वाढणारे दमून जायचे, पोरं संपायची नाहीत. आता ती पंगत एका सतरंजीवर मावते. आणि म्हाताऱ्यांची पंगत, जिला भात मऊ लागतो आणि तिखट चालत नाही, ती मांडवाच्या बाहेर जाते. मी ज्या शाळेत चौथीपर्यंत शिकले तिथे आता एकाच खोलीत सगळे वर्ग बसतात. आणि बँकेत पेन्शनच्या दिवशी गेलं तर उभं राहायला जागा नसते. मोठी मायनं नऊ पोरं जन्माला घातली, चार राहिली. आत्याबाईंना चार, सगळी राहिली. मला दोन. सुनेचं काय ते ती पाहील. पोरं उतरत गेली आणि आज्या वाढत गेल्या, अशी आमच्या घराची गोष्ट आहे.

दिवाळी झाली, धान कापणी सुरू झाली आणि मोठी माय आजारी पडली. कारण सीताफळं. किती खाल्ली ते कोणी मोजलं नाही, पण बिया ओसरीभर होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाला नाही म्हटलं. बाकी काही झालं तरी ती चहाला नाही म्हणत नाही, त्यामुळे घर हादरलं. सडक अर्जुनीहून डॉक्टर मोटरसायकलवर आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, खुंटीला सलाईनची बाटली लटकवली आणि म्हणाले, "वय झालं आहे. पोट बिघडलंय, बाकी काही नाही." दोन गोष्टी म्हणाले ते. घरानं पहिलीच ऐकली.

दुपारपर्यंत ओसरी भरली. कापणी सोडून बायका आल्या, विळे हातात तसेच. दोन आतेसासवा आल्या. कोणी गंगाजल शोधू लागलं, कोणी बाजेचं तोंड कोणत्या दिशेला हवं यावर भांडू लागलं. मोठी माय डोळे मिटून पडली होती. आणि दोन दिवसांनी सुनेला नागपूरला हजर व्हायचं होतं. तिची पिशवी भरलेली होती, ती आतल्या खोलीत दाराआड ठेवली होती.

आत्याबाईंनी सुनेला हाक मारली. "ये इकडे. बस मायजवळ." सून बसली. आत्याबाईंनी तिचा हात धरून मोठी मायच्या हातावर ठेवला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बोल पोरी. पुढच्या वरसापर्यंत घरात पोट्टं देतो म्हण. तिचा जीव अडकून राहिला हाय."

बायका म्हणाल्या, "म्हण वं बाई, म्हण. मरत्या माणसाले नाई म्हणू नये."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. ती रडण्याच्या बेतात होती. एकदा हो म्हटलं की संपलं. गावासमोर, मरणाऱ्या बाईच्या हातावर हात ठेवून दिलेला शब्द मोडून ती बसमध्ये चढली असती, असं मला वाटत नाही.

आणि मी पाहिलं तर तीच बाज. तेच चार पाय, त्यातला एक बुटका, खाली विटेचा तुकडा. तीच ओसरी. एवढंच नाही, माझ्या हातावर हात दाबून धरणाऱ्याही याच आत्याबाई होत्या. मी अठरा वर्षांची होते. मोठी माय अशीच डोळे मिटून पडली होती, बायका अशाच म्हण वं बाई म्हणत होत्या, आणि मी मान हलवली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. मरणारी बाई तीच, आणि ती अजून मरतेच आहे.

मला हसू आलं.

ते थांबेना. मी पदर तोंडाला लावला, पाठ फिरवली, खांदे हलू लागले. शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे. ती माझी पाठ चोळू लागली. "नको रडू वं माय, जाणाऱ्याले कोण अडवते?" त्यानं मी आणखी हसले. दुसरी बाई पाणी घेऊन आली. "बिचारीचा किती जीव होता बुढीवर!" असं म्हणून तीही खरंच रडू लागली. तिला पाहून तिसरी, चौथी. आता ओसरीत चार बायका रडत होत्या आणि मध्ये मी हसत होते. शेवटी माझा आवाज फुटला. हसण्याचा आवाज काही रडण्यासारखा नसतो.

मोठी मायनं एक डोळा उघडला.

"कोण हसून राहिलं?"

शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"तू?" मोठी माय मला म्हणाली. "काऊन हसतेस वं?"

आत चहा ठेवायला जायचं तर वाटेत सगळ्या बसल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा मी चार माणसांत बोलले. म्हणाले, "मोठी माय, माझ्या वेळेसही तुम्ही मरत होत्या."

मग मोठी माय हसू लागली. आधी पोट हललं, मग बाज हलली, मग खुंटीवरची बाटली.

"खरं हाय न बापा," ती म्हणाली. "तवा तं मले बी खरंच वाटलं होतं." आणि दम घेऊन, "आता नाई वाटून राहिलं. आता पोट दुखून राहिलं."

आत्याबाई रागावल्या. "तुमच्यासाठीच तं म्हणून राहिली मी! खापरपणतू पाहून जाल म्हटलं."

मोठी मायनं दुसराही डोळा उघडला. "मायासाठी? मायी शिडी तं कवाची झाली. खापरपणतूची कोणती शिडी असते? हे पोट्टं झालं तं पणजी कोण होणार, सांग."

बायका बोटांवर हिशेब करू लागल्या. मी आधीच केला होता. माझ्या मुलाला पोर झालं की पणजी होणार आत्याबाई.

"शिडी तुले पायजे," मोठी माय म्हणाली, "आन मरण मायं सांगून राहिलीस."

त्यानंतर जे हसू फुटलं ते रस्त्यापर्यंत गेलं असेल. विळे खाली पडले. रडणाऱ्या बायका सगळ्यांत जास्त हसल्या. एक आतेसासू तर म्हणाली, "वहिनी, पाय पुढं करा, आम्ही आताच लावतो." आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. "मले कायले पायजे तुमची शिडी! जळो ते सोनं!" असं म्हणून त्या उठून आत गेल्या. सुनेचा हात मोठी मायच्या हातावर तसाच होता. मोठी मायनं तो उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "तू जाय, सुई टोचणं शिकून ये. या डॉक्टरचा हात लई दुखते. आन एकच पोट्टं होणार असल तं घाई कायले? घरात मांड्या सहा आन पोट्टं एक. ते कोणाच्या मांडीवर मुतल, यावरूनच भांडणं होतील."

संध्याकाळी तिनं चहा मागितला.

आत्याबाई मात्र बोलेनात. भाजी चिरायच्या, भात शिजवायच्या, पण तोंडातून शब्द नाही. मला वाईट वाटलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्याला चार वर्षं झाली. ते असते तर पणतूच्या वेळी दोघांच्या पायाला शिडी लागली असती. आत्याबाईंनी एकदा मला म्हटलं होतं, त्यांची राहून गेली, आता माझी तरी व्हावी. सोनं त्यांना नको होतं. पाटावर बसवून कोणीतरी पाय धुवावेत, एवढंच असेल. जन्मभर दुसऱ्याला आंघोळ घालणाऱ्या बाईला तेवढं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? हे मी सुनेला सांगितलं, स्वयंपाकघरात, दोघीच असताना. दोघीच असल्या की मला बोलता येतं.

सून सरळ त्यांच्याकडे गेली. मी दाराआडून ऐकत होते.

"आजी, मले तीन वर्षं द्या."

"मी कोण देणारी? जाय न."

"तुम्ही थांबाल ना पण?"

"माया काय भरोसा? बुढीसारखं माया हाडात नाई. मले शुगर हाय, गुडघे दुखतात."

"मग कमी करा शुगर. सकाळी फिरायला जा. चहात साखर नको. भात एकदाच." सून अशी सांगत होती की जणू शिकून परत आली आहे. "पोर कधी होईल, होईल की नाही, ते मी आता सांगणार नाही. खोटा शब्द देणार नाही. पण झालं तर तुम्ही पाहिजे आहात. मी ड्युटीवर गेल्यावर त्याले घेणार कोण? आई तर त्याच्याशी पण लाजतील."

आत्याबाई हसल्या. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले, आणि दोघींना कळलं की मी दाराआड आहे.

नागपूरला जायच्या दिवशी आम्ही सगळे हायवेवरच्या कोहमाऱ्याला बसवर सोडायला गेलो. मोठी माय ऐकेना, तीही आली. एका ऑटोत एवढी माणसं की माझा मुलगा पिशवी डोक्यावर घेऊन मागे लटकला. तिठ्यावर ट्रकांची रांग, ढाब्यांचा धूर, बस उभी. सून पाया पडायला वाकली, आधी मोठी मायच्या, मग आत्याबाईंच्या, मग माझ्या. तोपर्यंत कंडक्टर ओरडू लागला, "किती सासू हायेत बाई तुम्हाले? गाडी आजच जाणार हाय!" ती चढली, बस गेली आणि आत्याबाईंनी डोळे पुसले. मोठी मायनं ढाब्यावर भजी मागितली, ती कोणी दिली नाही.

त्याला आता सहा महिने होऊन गेले. सून दर रविवारी फोन करते आणि आत्याबाईंना आधी शुगर विचारते. आत्याबाईंनी माझ्या मुलाकडून पांढरे बूट मागवले. नऊवारीवर पांढरे बूट घालून त्या रोज सकाळी हायवेच्या कडेनं अगदी पेट्रोल पंपापर्यंत जातात. पहिल्या दिवशी गावातले लोक घराबाहेर येऊन पाहत होते. ट्रकवाले भोंगा वाजवतात. आत्याबाई त्यांना हात करतात, आणि पुढच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत आमच्या इकडचा प्रतापगड चढून दाखवते म्हणतात. पोर कधी होईल, एक होईल की होणारच नाही, हे सुनेनं अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. आत्याबाईसुद्धा विचारत नाहीत. त्यांना वेळ कुठे आहे?

मध्यंतरी थंडीत मी भांडी घासताना माझाही हिशेब केला. शिडी चढायची माझी पाळी येईपर्यंत मी किती वर्षांची असेन तो. आकडा असा निघाला की मी एकटीच हसत बसले. मोठी मायनं ओसरीतून विचारलं, "आता काऊन हसून राहिली वं?" मी काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पण चपला घातल्या आणि आत्याबाईंच्या मागे निघाले. धुकं होतं, रस्ता ओला होता. त्या पुढे पुढे, पांढरे बूट टपटप, आणि मी मागे धापा टाकत. वळणावर त्या थांबल्या, कमरेवर हात ठेवले आणि भर रस्त्यात ओरडल्या, "चाल न वं लवकर! बुढी झाली का?"